लास पाल्मास ते सेंट लुसिया: महासागरी सफरीवर पहिल्यांदा खलाशी म्हणून जाताना

दर नोव्हेंबरात कॅनरी बेटांवरच्या लास पाल्मास बंदरातून शिडाच्या बोटींचा मोठा ताफा अटलांटिक ओलांडून कॅरिबियनकडे निघतो. १९८६ पासून हे चालू आहे. तिथल्या सेंट लुसिया बेटापर्यंतचं अंतर सुमारे २,७०० सागरी मैल आणि चाळीस-पंचेचाळीस फुटी बोटीला लागतात साधारण १८ ते २१ दिवस. व्यापारी वारे पाठीवर असतात, हवा दिवसागणिक उबदार होत जाते. महासागर पहिल्यांदाच ओलांडायचा तर हा मार्ग बरा. बोटमालकांना रात्रीच्या वॉचसाठी, म्हणजे आळीपाळीच्या पहाऱ्यासाठी, माणसं हवी असतात, त्यामुळे थोडाफार अनुभव असलेल्याला जागा मिळून जाते. पगार नसतो. जेवणखर्चाचा वाटा बहुधा आपलाच आणि विमानाचं तिकीटही आपलंच.

नवख्यांची तयारी शिडं, गाठी आणि वादळं यांच्याभोवतीच फिरते. प्रत्यक्षात व्यापारी वाऱ्यांत शिडांना तासन्‌तास हात लावावा लागत नाही. तीन आठवडे खरं चालू असतं ते एकच काम: ठरल्या वेळी वॉचवर यायचं आणि वेळ संपली की बोट पुढच्याच्या हाती नीट सोपवायची. तुम्ही झोपलात का, जेवलात का, कोरडे आहात का, कुणावर धुमसताय का, हे सगळं त्या दहा मिनिटांच्या बदलीत उघडं पडतं. खाली जे लिहिलंय ते बरंचसं त्या दहा मिनिटांसाठीच आहे.

निघण्याआधी

लास पाल्मास म्हणजे स्पेन, म्हणजे शेंगेन व्हिसा. एकेरी तिकिटावर जात असाल तर बोटीचं नाव, नोंदणी क्रमांक आणि निघण्याची तारीख लिहिलेलं स्किपरचं (बोटीच्या कप्तानाचं) पत्र जवळ ठेवा, विमानतळावर हमखास विचारतात. बंदर सोडताना तुमचं नाव क्रू लिस्टवर चढलं पाहिजे आणि शेंगेनमधून बाहेर पडल्याची नोंदही झाली पाहिजे. ती राहिली तर कागदोपत्री तुम्ही अजून युरोपातच, आणि पुढच्या व्हिसाला घोळ. सेंट लुसियाचे भारतीय पारपत्रासाठीचे नियम आधी तपासा आणि परतीचं तिकीट काढून ठेवा. उतरणाऱ्या खलाशाची जबाबदारी स्किपरवर असते, त्यामुळे तोही ते मागेलच.

सामान मऊ पिशवीत, १०-१२ किलोंच्या आत. चाकांची सूटकेस बोटीवर ठेवायला जागाच नसते. लाल प्रकाश देणारा हेडलॅम्प, त्याचे जादा सेल, पटकन वाळणारे कपडे, डेकसाठी पुढून बंद असलेले बूट, कानातले बोळे आणि चष्मा असेल तर जादा चष्मा. दाताचं दुखणं घेऊन निघू नका. हजार मैलांवर दाढ ठणकली तर वेदनाशामक गोळीपलीकडे इलाज नाही.

वॉच कसे लावतात

चौघे असतील तर प्रत्येकी तीन तास एकट्याने वॉच, मग नऊ तास मोकळे. २४ तासांत आठ वॉच आणि माणसं चार, त्यामुळे प्रत्येकाची वेळ रोज तीच राहते. शरीर तिला सरावतं, पण रात्री १२ ते ३ ज्याच्या वाट्याला येते त्याला ती तीन आठवडे चिकटते. आठवड्यानं अदलाबदल करा, नाहीतर कुरबुर होणारच. तिघे असतील तर तीन तास काम, सहा तास सुटी. आठला तीननं भाग जात नसल्यामुळे वेळा आपोआप पुढे सरकतात.

नवखे जास्त असतील तर दोघादोघांच्या जोड्या बऱ्या. मग दिवसाचे पाच भाग पाडतात: सकाळी ८ ते २, दुपारी २ ते ८, रात्री ८ ते १२, १२ ते ४ आणि ४ ते ८. दिवसा सहा-सहा तास, रात्री चार-चार. भाग पाच आणि जोड्या दोन, म्हणून आजची पहाट उद्या दुसऱ्या जोडीकडे जाते. दोघांचीच बोट असेल तर एकजण कायम एकटाच डेकवर असतो. लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि रूपा ए. या नौदलाच्या दोघी ऑक्टोबर २०२४ मध्ये गोव्याहून निघून ‘तारिणी’वर पृथ्वीप्रदक्षिणा करून मे २०२५ मध्ये परतल्या. पण ते वर्षानुवर्षांच्या सरावाचं काम आहे. पहिल्याच सफरीत दोघांची बोट पत्करू नका.

वॉचवरचं मुख्य काम म्हणजे बघणं. आंतरराष्ट्रीय सागरी नियमांतला पाचवा नियम सांगतो की नजर सतत ठेवायची. एआयएस (आसपासच्या जहाजांची माहिती दाखवणारं यंत्र) आणि रडार चालू असले तरी हा नियम सुटत नाही. हिशोब करून बघा. मोठ्या जहाजाचे मास्तुलावरचे (डोलकाठीवरचे) दिवे किमान ६ मैलांवरून दिसावेत असे असतात. जहाज २० नॉट्सनं (तासाला २० सागरी मैल) समोरून येतंय, तुम्ही ६ नॉट्सनं जाताय, तर ते अंतर पंधरा मिनिटांच्या आत संपतं. त्यातून पावसाची सर आडवी आली तर आणखी कमी. म्हणून दर दहा मिनिटांनी उभं राहून पूर्ण गोल क्षितिज बघायचं, शिडामागची आंधळी बाजूसुद्धा. टायमर लावा, तो खिशात ठेवा आणि बसल्या जागी मान फिरवून भागवू नका.

बदलीची दहा मिनिटं

येणाऱ्याला वीस मिनिटं आधी उठवा. नाव घेऊन हाक मारा, उत्तर मिळेपर्यंत थांबा, आणि बाहेर काय आहे ते सांगा: ‘वारा २० नॉट्स, पाऊस नाही, जॅकेट लागेल.’ गाढ झोपेतून उठलेल्याचं डोकं पंधरा ते तीस मिनिटं जड असतं, आणि डोळ्यांना अंधार सरावायलाही जवळपास तेवढाच वेळ लागतो. खाली पांढरा दिवा लावलात तर ती सगळी तयारी वाया. लालच लावा.

येणाऱ्यानं जिन्यावर असतानाच, कॉकपिटमध्ये (डेकवरच्या सुकाणूपाशी बसायच्या जागेत) पाय टाकण्याआधी, टेदरचा, म्हणजे स्वतःला बोटीशी बांधायच्या पट्ट्याचा, हुक अडकवायचा. जाणाऱ्यानं तो स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा. मग सांगायचं, नेहमी याच क्रमानं:

१. कंपास कोर्स आणि बोट कशी वागतेय: ऑटोपायलट दमतोय का, पिच्छाडीच्या लाटेवर बोट वळू बघतेय का.
२. वारा: आत्ता किती, गेल्या तासात वाढला का, शीड किती आखडलंय, म्हणजे रीफ कितवा.
३. जहाजं: कुठं, कोणत्या दिशेनं, आपल्यापासून सर्वांत जवळचं अंतर किती.
४. आकाश: कोणत्या बाजूला काळं आहे.
५. बिघाड, नवा आवाज किंवा अर्धवट राहिलेलं काम.
६. बॅटरीचा व्होल्टेज आणि बिल्जमधलं, म्हणजे बोटीच्या तळातलं, पाणी.

मग येणाऱ्यानं कोर्स आणि रीफ मोठ्यानं परत म्हणायचे. हे पोरकट वाटतं, पण पहाटे तीनला ‘हो हो’ म्हणणारा माणूस काहीही ऐकलेलं नसताना ‘हो हो’ म्हणत असतो. जाणाऱ्यानं आणखी पाच मिनिटं बसावं. येणाऱ्याला सगळ्या दोऱ्या हातानं चाचपून सापडल्या, की खाली जावं.

उशीर हा इथला सर्वांत मोठा अपराध. रोज पाच-सात मिनिटं उशिरा येणाऱ्याबद्दल तिसऱ्या दिवशी कुणी बोलत नाही, दहाव्या दिवशी त्याच्याशीच कुणी बोलत नाही. तुम्ही पाच मिनिटं आधी आलात आणि येताना गरम चहा आणलात तर निम्मं नातं तिथंच जुळतं.

दर तासाला लॉग, म्हणजे बोटीची नोंदवही, लिहा: ठिकाण, कोर्स, वेग, वारा, बॅरोमीटर. उष्ण कटिबंधात बॅरोमीटर रोज स्वतःहून दोनेक हेक्टोपास्कल वरखाली होतो. साधारण दहाच्या सुमाराला चढतो आणि चारच्या सुमाराला उतरतो, दिवसाही आणि रात्रीही. म्हणून आत्ताचा आकडा मागच्या तासाशी न ताडता कालच्या याच वेळेशी ताडा.

स्किपरला कधी उठवायचं हे पहिल्याच दिवशी विचारून कागदावर लिहून घ्या. सर्वसाधारणपणे: वारा ठरल्या आकड्यापलीकडे गेला, जहाज दोन मैलांच्या आत येणार, वाऱ्याची दिशा बदलल्यामुळे बूम (शिडाखालचा आडवा दांडा) उलटण्याची भीती आहे, कळत नाही असा आवाज आला, किंवा उठवावं की नाही असा प्रश्न पडला. प्रश्न पडला म्हणजे उत्तर मिळालं. व्यापारी वाऱ्यांतली रात्रीची स्क्वॉल (सरीबरोबर अचानक येणारा सोसाट्याचा वारा) दहा मिनिटांत १८ नॉट्सचे ३५ करते. मागच्या क्षितिजावरचे तारे खालून एकेक करून गायब होऊ लागले की ती येतेय, आणि रीफ घालायची वेळ तीच. एकट्यानं मास्तुलापाशी जायचं नाही, कुणीतरी कॉकपिटमध्ये आल्याशिवाय नाहीच.

पहिले तीन दिवस

लास पाल्मास सोडल्यावर ग्रान कॅनरियाच्या दक्षिण टोकापाशी वारा एकदम जोर धरतो आणि नेमकं तिथंच अर्ध्या क्रूला मळमळू लागतं. औषध आदल्या रात्रीपासून सुरू करा, उलटी सुरू झाल्यावर ते पोटात टिकत नाही. एसटीच्या घाटात घेतलेली अॅव्होमिन इथंही चालते, पण तिनं झोप येते. सिनारिझिन बऱ्याच जणांना जास्त मानवतं. कोणतं आणि किती हे डॉक्टरांना विचारा, आणि ते घरी सुटीच्या दिवशी घेऊन बघा.

मळमळ सुरू झाली की डेकवर राहा, क्षितिज बघा, सुकाणू हातात घ्या. खाली जावंच लागलं तर मास्तुलाजवळच्या बंकवर (झोपायच्या फळीवर) उताणे पडा. तिथं हेलकावे सर्वांत कमी असतात. उलटी बादलीत करा. कठड्यावरून वाकून ओकणारा माणूस अशक्त असतो, एकाच हातानं कठडा धरून असतो आणि अंधारात असतो. पुरुषांनी कठड्यावरून लघवी करण्याची सवयही बंदरातच सोडून यावी. दर पंधरा मिनिटांनी दोन घोट ओआरएस, सुकी बिस्किटं, थोडे चुरमुरे. आठ-दहा तास लघवीच झाली नसेल तर स्किपरला सांगायचं. बहुतेकांचं तिसऱ्या दिवशी निवळतं. वॉच मात्र शक्य असेल तर सोडू नका. आजारी म्हणून दोन दिवस बंकवर पडलेला माणूस उठायला चार दिवस घेतो.

पाणी आणि पोट

पिणं आणि स्वयंपाक मिळून माणशी रोज ४ लिटर धरा. चौघे, २१ दिवस: ३३६ लिटर. त्यावर निम्मं राखीव, म्हणजे ५०० च्या आसपास. वॉटरमेकर (समुद्राचं पाणी गोडं करणारं यंत्र) असला तरी तो नाही असं समजूनच भरा. यातला काही भाग बाटल्यांत, टाकीपासून वेगळा ठेवा, कारण टाकी गळली किंवा नासली तर सगळंच जातं. भांडी समुद्राच्या पाण्यात घासायची, शेवटचा हात गोड्या पाण्याचा. बटाटे उकडायला निम्मं समुद्राचं पाणी चालतं, भाताला पाव भाग पुरे, आणि मग वरून मीठ नाही.

गॅलीतली (बोटीवरच्या स्वयंपाकघरातली) सर्वांत कामाची वस्तू म्हणजे आपला प्रेशर कुकर. झाकण घट्ट बसतं, त्यामुळे बोट कलली तरी उकळतं अन्न कुणाच्या अंगावर येत नाही, आणि गॅसही वाचतो. मुगाची खिचडी, मसालेभात, आमटी, चवळीची उसळ हे सगळं एका भांड्यात होतं आणि एका वाडग्यात चमच्यानं खाता येतं. कललेल्या बोटीवर ताट म्हणजे अर्धं जेवण फरशीवर. भांडं निम्म्यापेक्षा जास्त भरू नका. समुद्र खवळलेला असताना स्वयंपाक करायचा तर ऑइलस्किनची, म्हणजे पाणी आत न येऊ देणारी, पँट चढवा. अर्ध्या चड्डीत उकळतं पाणी मांडीवर सांडणं हा बोटीवरचा नेहमीचा अपघात आहे. चहा ओतताना कप हातात धरू नका, सिंकमध्ये ठेवून ओता. काम झालं की सिलिंडरची झडप बंद करा. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर बिल्जमध्ये साचून राहतो.

पुठ्ठ्याची खोकी बोटीवर आणू नका, त्यांच्या घड्यांतून झुरळांची अंडी येतात. फळं-भाज्या धक्क्यावरच मोकळ्या करून, पुसून, कोरड्या करून जाळीत ठेवा. कांदे आणि बटाटे शेजारी नकोत. कोबी तीन आठवडे टिकतो, तो कापण्याऐवजी बाहेरची पानं एकेक काढून वापरा. न धुतलेली, फ्रिजमध्ये कधीच न ठेवलेली अंडी दर दोन दिवसांनी उलटी करत राहिलात तर महिनाभर जातात. केळ्यांचा अख्खा घड घेऊ नका. तो एकाच दिवशी पिकतो आणि मग सगळे केळी खाऊन वैतागतात. दहाव्या दिवसानंतर हिरवं काही उरत नाही, तेव्हा मूग-मटकी भिजवा. रात्री आठ तास भिजत, मग ओल्या फडक्यात बांधून टांगून ठेवा. त्या हवेत दिवसभरात मोड येतात.

रात्रीच्या वॉचचा खाऊ वेगळ्या डब्यात, नाव घालून, मोजून ठेवा. चॉकलेट कुणी संपवलं यावरून जेवढी भांडणं होतात तेवढी मार्गावरून होत नाहीत. भडंग, गूळपापडी, चिक्की, भाजलेले शेंगदाणे. बरोबर शेंगदाण्याची चटणी आणि मेतकूट आणलंत तर परदेशी क्रूही डबा शोधत येतो.

अंग कोरडं ठेवणं

मीठ ओलावा धरून ठेवतं. कपड्यात मुरलेलं मीठ वाळल्यासारखं दिसतं आणि रात्री दमट हवेत पुन्हा ओलं होतं. त्यावर तीन तास बसून राहिलं की ढुंगणावर, मांड्यांवर पुरळ आणि मग फोड येतात. उपाय कंटाळवाणा आहे: वॉच संपला की अर्धा कप गोड्या पाण्यात फडकं भिजवून ते भाग पुसा, वाळू द्या, पावडर लावा, कोरडे कपडे घाला. समुद्राच्या पाण्यानं भिजलेले कपडे बंकवर न्यायचे नाहीत. आंघोळ कॉकपिटमध्ये बादलीनं. साध्या साबणाला खाऱ्या पाण्यात फेस येत नाही, शॅम्पूला येतो, शेवटी एक लिटर गोडं पाणी. चालत्या बोटीवरून बादली टाकताना दोर हाताला गुंडाळू नका. सहा नॉट्सवर भरलेली बादली माणूस खेचून नेते. हाताच्या बोटांवरच्या बारीक चिरा तिथल्या तिथे धुऊन झाका, त्या आपणहून बऱ्या होत नाहीत.

झोपेसाठी ली क्लॉथ (बंकवरून घरंगळू नये म्हणून लावलेलं कापड) घट्ट बांधा, म्हणजे झोपेत शरीर स्वतःला सावरत बसत नाही. नऊ तास मोकळे असले तरी सलग सगळे झोपेला मिळत नाहीत. रात्री पाच-सहा तास आणि दुपारी दीड तास हे गणित बहुतेकांना जमतं.

सकाळची फेरी

उजाडलं की एकानं कॉकपिटपासून टोकापर्यंत फिरायचं, हुक अडकवून. रात्रीत पडलेले उडते मासे उचला आणि डेकवर नट, पिन, रिंग काही सापडतंय का बघा. सापडलं तर ते कुठून निघालं हे कळेपर्यंत बाकी कामं थांबतात. दोऱ्या जिथं कशावर घासतात तिथं हाताचं बोट फिरवून बघा: पोलच्या (शीड बाहेर ताणून धरणाऱ्या दांड्याच्या) टोकाशी शीट, म्हणजे शीड ओढायची दोरी, आणि कठड्याशी प्रिव्हेंटर, म्हणजे बूम उलटू न देणारी दोरी. हॅलयार्ड, म्हणजे शीड वर चढवायची दोरी, मास्तुलाच्या टोकाला कप्पीवरून वळते तिथं चोवीस तास त्याच बोटभर जागी घासत असते, आणि खालून ते दिसत नाही. म्हणून रोज ती पाच-दहा सेंटिमीटर सैल करायची किंवा ओढायची, म्हणजे झीज एका जागी होत नाही. बिल्ज पंपाचे दट्टे मोजून लॉगमध्ये लिहा. काल १०, आज ४० असतील तर पाणी चाखा. खारट म्हणजे शोध सुरू, गोडं म्हणजे टाकी गळतेय.

माणसं

२०१७-१८ मध्ये नौदलाच्या सहा जणींनी, गोव्यातल्या दिवाडीला बांधलेल्या सुमारे १७ मीटरच्या याच ‘तारिणी’वर २५४ दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा केली. तेवढ्या जागेत सहा माणसं म्हणजे एकटं राहायला स्वतःचा बंक सोडून कोपरा नाही. म्हणून बंकवर पडलेल्या माणसाशी बोलायचं नाही, हा नियम सगळ्या बोटींनी पाळावा.

रोज सगळे जागे असतात अशी एक वेळ ठरवा. संध्याकाळी पाच ही बरी. चहा, नकाशावर आजचा ठिपका, उद्याचं हवामान, कामांची वाटणी. मग एकेकानं खटकलेली एक गोष्ट सांगायची. ‘तू नेहमी पसारा करतोस’ असं बोलू नका. ‘काल रात्री विंच हँडल (दोरी ओढायच्या चरखीचा दांडा) जागेवर नव्हतं’ असं बोला. वस्तूबद्दल बोललं की माणूस ऐकतो. ज्यानं रांधलं त्यानं भांडी घासायची नाहीत. क्रू पाच-सहाचा असेल तर रोज एकाला वॉचमधून सूट द्या. त्यानं दिवसभर स्वयंपाक-सफाई करायची आणि रात्रभर झोपायचं. ती एक अख्खी रात्र सोन्याच्या मोलाची.

निम्मं अंतर संपल्यावर सण साजरा होतो आणि त्यानंतर दोन-तीन दिवसांत बोटीवर उदासी पसरते. नवेपण गेलेलं असतं, किनारा अजून हजार मैल असतो. ध्रुवीय तळांवरच्या माणसांत मुक्कामाचा निम्मा काळ उलटल्यावर, तिसऱ्या टप्प्यात, मनाचा असाच उतार दिसतो, असं १९९१ मध्ये संशोधकांनी मांडलं होतं. पुढच्या अभ्यासांत तो दर वेळी दिसला नाही, पण बोटीवर त्यासाठी तयारी ठेवायला काही खर्च येत नाही. एखादा पदार्थ, नवीन पुस्तक, घरून आणलेलं बंद पाकीट याच दिवसांसाठी राखून ठेवा. बोलका माणूस गप्प झाला, जेवण टाळू लागला, वॉचला उशिरा येऊ लागला तर त्याला जोडीनं करायचं काम द्या. समजावणी नंतर.

आणि काहीतरी शिका, मोजता येईल असं. डोळे मिटून बोलाइन गाठ, हातानं तासभर सुकाणू, किंवा सेक्स्टंटनं (सूर्य-ताऱ्यांचा क्षितिजापासूनचा कोन मोजायच्या उपकरणानं) मध्यान्हीचा सूर्य मोजून अक्षांश काढणं. स्थानिक मध्यान्हीच्या वीस मिनिटं आधी सुरुवात करा, दर दोन मिनिटांनी सूर्य क्षितिजावर टेकवून कोन लिहा, चढायचा थांबला तो आकडा धरा. डोळा पाण्यापासून अडीच मीटरवर असेल तर क्षितिज-नतीसाठी (डोळा उंचावर असल्यानं क्षितिज किंचित खाली दिसतं, त्यासाठी) कोनातून २.८ मिनिटं (अंशाचे साठावे भाग) वजा करायची. पहिल्या दिवशी अक्षांश ३० मैलांनी चुकेल. आठवड्यानं ५ मैलांत येत नसेल तर बहुधा सेक्स्टंट तिरका धरला जातोय: तो घड्याळाच्या लंबकासारखा हलवून सूर्याचा सर्वांत खालचा बिंदू शोधा.

शेवटचे दोनशे मैल

जमिनीचा वास येऊ लागला की क्रूचं चित्त उडतं, आणि मच्छीमार बोटी, जहाजं, खडक हे सगळं तिथंच असतं. वॉच आहेत तसेच चालू ठेवा. वाटेत ४५ रेखांश पश्चिमेला आलेले असता, म्हणजे सूर्याच्या हिशेबानं तीन तास, आणि घड्याळाच्या हिशेबानं चार. लॉग यूटीसीमध्येच (जागतिक प्रमाणवेळेत) ठेवा आणि जेवणाखाण्याचं घड्याळ दर १५ रेखांशांना एक तास मागे घ्या, नाहीतर शेवटी न्याहारी अंधारात होते. अंधारात अनोळखी बंदरात शिरू नका. वेग कमी करून उजाडेपर्यंत बाहेर थांबा. पिवळा क्यू झेंडा (देशात प्रवेशाची परवानगी मागणारी खूण) वर, आणि कागद होईपर्यंत स्किपरशिवाय कुणी धक्क्यावर उतरायचं नाही.

पांगण्याआधी स्किपरकडून सही घ्या: तारखा, मैल, रात्रीचे तास, तुमची भूमिका. पुढे आरवायए या ब्रिटिश नौकानयन संघटनेचं यॉटमास्टर ओशन प्रमाणपत्र करायचं मनात असेल तर किमान ६०० मैलांची, सलग ९६ तासांची सफर दाखवावी लागते, त्यातले २०० मैल किनाऱ्यापासून ५० मैलांपेक्षा दूर. सोबत सेक्स्टंटच्या नोंदींची मूळ पानंही मागतात, त्यामुळे ती खोडाखोडीसकट, ओली झालेली असली तरी, जपून ठेवा.